कागदावरची गोधडी

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीची आवराआवर काढली आणि माळ्यावरून चिंध्यांची गाठोडी खाली आली. ब्लाउजपिसांच्या कडा, यांच्या लेंग्यांचे पाय, मुलाचे, रितेशचे, शाळेतले शर्ट. टाकायला हात धजेना आणि ठेवायला जागा नाही. यूट्यूबवर एक परदेशी बाई अशाच पट्ट्या तिरप्या जोडून चौकोन करते आणि चौकोनांची गोधडी. पट्टी रुंद असो, अरुंद असो, वाकडी असो, सगळी चालते. फक्त पट्ट्या नुसत्या एकमेकींना जोडल्या तर ताणल्या जातात आणि चौकोनाचा शंकरपाळा होतो. म्हणून खाली तळाला काहीतरी घ्यायचं आणि त्याच्यावर ठेवून शिवायचं. तळ कशाचा घ्यावा यावरच ती बाई अर्धा तास बोलली. मला ते आवडलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा प्रयोग करूनच ठरवीन.

गोधडी माझ्या गुडघ्यांसाठी आहे. थंडीत धरतात.

प्रियदर्शिनीला पाचवा लागला. सुनेबद्दल इथे एकदाच लिहिते आणि मग लिहिणार नाही. दोन वर्षांपूर्वी सातव्यात गेलं. त्याआधी मी सुलतान बाजारातून दुपट्यांसाठी तीन वार मलमल आणून ठेवली होती, कोरी, कडक. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. नंतर यांना म्हटलं, कोणालातरी देऊन टाका, मला दाखवू नका. कोणाला दिली ते विचारलं नाही. मलमलीने काही होत नसतं हे मला ठाऊक आहे. तरी या वेळी घरात त्या बाबतीत काही आणायचं नाही, काही शिवायचं नाही. मी हे कोणाला बोलले नाही, पण सगळेच तसं वागतायत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वर्तमानपत्रावर शिवून पाहिलं. यांच्या लेंग्याच्या पांढऱ्या पट्टीवर शादनगरच्या प्लॉटांची जाहिरात उमटली. बाद.

साड्यांच्या दुकानात पिशव्या देतात ना, कापडासारख्या दिसणाऱ्या, तीही कापली. शिवायला फार छान गेली. इस्त्री फिरवली तर वितळून इस्त्रीलाच चिकटली. घरभर वास. हे म्हणाले, "गुडघे भाजायचा विचार आहे का?" इस्त्री मीठ टाकून घासली.

बकरम घेतलं तर चौकोन शर्टाच्या कॉलरसारखा ताठ उभा राहतो. गोधडी अंगावर पडली पाहिजे, उभी राहून उपयोग नाही. बाद.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मांजरपाट बघायला सुलतान बाजारला गेले. नेहमीच्या दुकानदाराने काय शिवताय ते विचारलं. "क्या सीरे अम्मा? बच्चे का है क्या?"

मी म्हटलं, "घुटनों का है."

"घुटनों कू हौ, चलता. बच्चे कू नक्को, चुभता." त्याने आपणहून मलमलीचा तागा पुढे ओढला. मी न घेता बाहेर आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, आणि मी तर काही चोरलेलंही नाही. ऑटोवाल्याने घरी मलकपेठपर्यंत डबल मागितले आणि मी भांडायचं विसरले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल कुसुमताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, गौलीगुड्याहून फराळाची भाजणी घेऊन आल्या. चौकोन पाहिले. त्यांच्या मते गोधडीच्या पोटात जुनं लुगडंच असावं, बाकी सगळी थेरं. आज लगेच सासूबाईंचं हिरवं लुगडं घेऊन हजर. सासूबाई नव्वदी ओलांडून गेल्या, म्हणून ते कापड आयुष्याचं.

"वहिनी, तान्ह्याला तर जुनंच घालावं. कोरं कापड तान्ह्याच्या अंगाला लावू नये."

"गोधडी माझी आहे, ताई."

"हो, तुझीच. मी आपलं कापडाचं बोलले."

लुगडं उजेडात धरलं. दोन्ही पदर विरलेत, बोट घातलं की आरपार. विज्ञानाच्या हिशोबाने बाद, बाजूला ठेवलं. शिवाय माझ्या गुडघ्यांवर सासूबाई नकोत, जन्मभर बसल्या तेवढ्या पुरे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. यांनी मागची खोली रंगवायला काढली. ओल येते म्हणे. पंधरा वर्षं येतेच आहे. रंग पिवळा आणलाय, लिंबाचा असतो तसा. निवृत्त माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. खिडकीला डासांची जाळीही बसवली.

तळाचा प्रश्न सुटला. माळ्यावर जुनी टेलिफोन डिरेक्टरी आहे, तेव्हा घराघरांत असायची तसली. कागद पातळ, शाई पक्की, हाताला लागत नाही. पान चौकोनासाठी अगदी मापाचं. टाका बारीक ठेवायचा आणि सुई जाड, सोळा नंबर, म्हणजे कागदाला जवळजवळ भोकं पडतात आणि शेवटी ओढला की टराटर निघून येतो. गोधडी हलकी होते.

यांनी डिरेक्टरी छातीशी धरली. "त्यात माझी माणसं आहेत."

"ती आता त्या नंबरांवर नाहीत."

"तरी." मग आपल्या नावाचं पान तेवढं फाडून घेतलं आणि बाकीची दिली.

कागद ठरवण्यामागे आणखी एक सोय आहे. कापडाच्या तळावर शिवलं की ते लगेच गोधडीचं अंग होतं. कागद फाडेपर्यंत मात्र ते नुसते कागदच राहतात. कागदाला कोणी गोधडी म्हणत नाही. तेव्हा मी सध्या काही शिवत नाहीये असंही म्हणता येईल. नियम मोडत नाही. कोणता नियम, ते वर लिहिलं आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

काम मस्त चाललंय. मधली पट्टी तिरपी, तिच्यावर दुसरी उलटी, एक शिवण, उलटून इस्त्री, मग तिसरी. कोपऱ्यापर्यंत गेलं की कागदाच्या कडेने कात्री. एका चौकोनाच्या मागे नुसते डॉक्टर रेड्डी दिसतात, एकाखाली एक, चाळीसेक.

प्रियदर्शिनी दिवसभर दार लावून लॅपटॉपवर असते. जेवायला येते, दोन घास खाते, जाते. करीमनगरची पोर, आमच्याकडे येऊन चार वर्षं झाली, मराठी कळते पण बोलते कमी. मागच्या वेळेपासून तर फारच कमी. मला वाटतं ती ते मलमलीचं विसरलेली नाही. विसरू नये, मी तरी कुठे विसरले.

आज मशीनवर तिच्या जुन्या ओढण्या आणि एक मऊ नाइटी घडी करून ठेवलेली. स्वतःचं कपाट रिकामं करते आणि माझ्याकडे टाकते. घर म्हणजे काय चिंध्यांचं गोदाम झालं. कापड मात्र चांगलं आहे, घामाने, धुण्याने मऊ झालेलं. वापरलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रियदर्शिनी मशीनशी येऊन उभी राहिली. ही तिची पहिलीच वेळ. मला ती अत्तम्मा म्हणते, यांना मामय्या. "अत्तम्मा, हे मशीनमध्ये धुवायला चालते का?"

"चालेल की. पण माझ्या गुडघ्यांवर कोण काय सांडणार आहे?"

"हौ," म्हणाली. मग एक चौकोन उचलून गालाला लावला, उलटा केला, कागद पाहिला. "अंदर कागदच राहते?"

"शेवटी काढायचा."

"कधी?"

"शेवटी," मी म्हटलं. तिने चौकोन जागेवर ठेवला. मग लॅपटॉपमधून कोणीतरी हाक मारली.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुसुमताई आल्या होत्या. चौकोन जमिनीवर मांडून ठेवले होते, सहा आडवे, सहा उभे. बघून म्हणाल्या, "एवढीशीच? वहिनी, गुडघे तुला दोन आहेत ना?"

मी सांगितलं, म्हातारपणी माणूस आटतं. हे आतल्या खोलीत मोठ्याने खोकले.

मग ताईंनी डोहाळजेवणाचं काढलं. मी नाही म्हटलं. ओटी नको, हिरवा चुडा नको, काही नको. त्या म्हणाल्या, "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पितेस. पण ताक पी तरी. पोरीच्या मनात असेल तर?" तिच्या मनात काय आहे मला कसं कळणार. विचारलं नाही.

संध्याकाळी दूध द्यायला तिच्या खोलीत गेले. मी हौसेने दिलेले कशिद्याचे अभ्रे कपाटात, आणि उशीवर कसलं तरी पिवळट पडलेलं फडकं गुंडाळलंय. लाखभर पगार आणि उशीला फडकं. या घरात मीच एकटी न बोलता सगळं बघते.

४ डिसेंबर, गुरुवार

सातवा.

चौकोन एकमेकांना जोडायला घेतले. दोन्हीकडे कागद असल्यामुळे कडा अजिबात ताणल्या जात नाहीत, शिवण सरळ येते. कागदाच्या बाजूने हे खरंच मोठं म्हणणं आहे. सगळ्या ओळी झाल्या. एकसंध झाल्यावर पलंगावर टाकून पाहिली. कडकड वाजते, पापडासारखी. पण रंग फार सुरेख जमलेत. रितेशचा शाळेचा निळा तिच्या केशरी ओढणीशेजारी आलाय, ते काही मी मुद्दाम केलं नव्हतं.

बराच वेळ बघत राहिले. वरून खाली आणि परत.

९ डिसेंबर, मंगळवार

दुपारी रितेश आणि प्रियदर्शिनी दवाखान्यात गेले. थोडं रक्त दिसलं. ठेवून घेतलंय.

हे गॅलरीत उभे आहेत. स्वयंपाक केला, कोणी जेवलं नाही.

सुईचं टोक बोथट झालंय. कागदावर शिवलं की सुई लवकर जाते हे त्या बाईने सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

रितेशचा सकाळी फोन. तसंच आहे. डॉक्टर म्हणतात बघू.

मी ओळी जोडायला नको होत्या. सुटे चौकोन होते तोवर ते कागद होते. जोडल्यावर गोधडी झाली, कागद असला तरी. मी कागदाचं निमित्त केलं आणि शिवलं. कोणाला फसवत होते काय की. पोरांना आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवला, फळ्यावर खडूने लिहून. आज तो माझ्या काही कामाचा नाही.

सकाळपासून बसून सगळे जोड उसवले. कागद न फाडता उसवायला वेळ लागतो. हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्रिवेणी, नको ग." मी थांबले नाही. मग शेजारी बसून उसवलेल्या चौकोनांतले दोऱ्याचे तुकडे वेचायला लागले. चौकोन गाठोड्यात बांधले. आता घरात काहीही शिवलेलं नाही.

ते बाळ राहू दे. लिहिणार नव्हते, लिहिलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

घरी पाठवलं. रक्त थांबलंय. ठोके नीट आहेत. महिनाभर पलंगावरून उठायचं नाही, जिना तर अजिबात नाही.

मुगाची खिचडी केली. तिने ताट पूर्ण संपवलं. मी पलीकडे तोंड करून चादर नीट करत होते, चादर नीटच होती.

१५ डिसेंबर, सोमवार

आडवी पडून कंटाळते म्हणून तिचा पलंग यांनी पिवळ्या खोलीत हलवला, तिथे ऊन येतं. म्हणे ओल गेली. मी म्हटलं, रंगाने ओल जात नाही. "ते मला माहीत आहे," म्हणाले.

प्रियदर्शिनीने विचारलं, "अत्तम्मा, तुमची ती घुटन्याची कुठे आहे?"

"ठेवली."

"बघू."

गाठोडं आणून दिलं. सोडलं तर सुटे चौकोन. ती एकेक हातात घेऊन कडेची टाक्यांची भोकं बघत राहिली. "हे जोडलं होतं. का उसवलं?"

"टाका चुकला होता."

"सगळीकडे?"

मी दूध गरम करायला गेले.

२८ डिसेंबर, रविवार

परत जोडते आहे. तिनेच सांगितलं. म्हणजे सांगितलं असंही नाही, ती रोज चौकोन पलंगावर मांडते, जागा बदलते, आणि संध्याकाळी माझ्याकडे देते. "असं जोडा." शिक्षिका मी की ती, हाच प्रश्न. निळा आणि केशरी तिने परत शेजारी ठेवलेत. कागदाला भोकं पडलेली असल्याने काही ठिकाणी शिवता शिवताच सुटतो, तिथे मागून कागदाचीच पट्टी लावून घेतली.

कुसुमताईंनी फोनवर विचारलं, सातवा सरला का. मी म्हटलं, सरत आलाय. त्यांनी फोनवरच देवाचं नाव घेतलं आणि मीही त्यांना थांबवलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार

आठवा लागला.

दुपारी जोडलेलं सगळं तिच्या पलंगावर पसरून कडा सरळ करत होते. प्रियदर्शिनीने एक टोक उलटं केलं, कोपऱ्यातला कागद चिमटीत धरला आणि ओढला. टर्र. अख्खी पट्टी आली.

मी तिचा हात धरला. "नको. आत्ता नको."

"शेवटी म्हणला होता तुम्ही."

"शेवट झाला नाही अजून."

"अत्तम्मा," ती म्हणाली, "गुडघ्याचं नाही हे. मला पहिल्यापासून माहीत आहे. मामय्यांना पण. रितेशला पण. दुकानवाल्याला पण माहीत असेल." आणि दुसरा तुकडा ओढला. "कागद ठेवून काय बाळ वाचते का? मागच्या वेळी तर आपण काहीच शिवलं नव्हतं. नुसतं कापड आणलं होतं."

मी तेव्हा म्हटलं, की तेच, मी ते आणायला नको होतं. दोन वर्षं कोणाला म्हटलं नव्हतं ते असं कडा धरून उभ्या उभ्या म्हणून टाकलं. ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे हे तिच्या मनातसुद्धा कधी आलं नसावं. मला वाटत होतं ती मला बोल लावते. चार वर्षं एका घरात राहून मी तिच्याबद्दल हे एकच नक्की धरून चालले होते आणि तेच चुकलं.

मग आम्ही दोघी कागद काढायला बसलो. मोठे तुकडे सहज येतात, शिवणीत अडकलेले बारीक तुकडे चिमट्याने काढावे लागतात. हे आले आणि जमिनीवरचे तुकडे गोळा करता करता वाचत बसले. "हा अप्पाराव बघ, आमच्या ऑफिसातला. बेगमपेठेचा." तिला हसू आलं. हसताना पोट हललं, तिने त्यावर हात ठेवला आणि मग माझा हात घेऊन ठेवला. आत कोणीतरी लाथ मारली.

सगळा कागद निघाल्यावर कापड एकदम मऊ पडलं आणि थोडं ढिलंही. आता आधार गेला, तळाला काहीतरी हवं. मी म्हटलं, मांजरपाट आणून धुऊन आटवते. ती म्हणाली, "मांजरपाट चुभते." आणि आपली उशी ओढून तिच्यावर गुंडाळलेलं ते पिवळट फडकं सोडायला लागली. घडीवर घडी, सोडता सोडता संपेना. पुरं उलगडलं तेव्हा पलंगभर झालं.

"मामय्या देऊन टाकायला नेत होते. मी जिन्यात घेतलं त्यांच्याकडून." मी यांच्याकडे पाहिलं. यांनी कागद वेचण्यात मान घातली होती. "कुसुमआत्या म्हणतात ना, बाळाला कोरं कापड लावू नये, जुनं पाहिजे. ते कोरं होतं. म्हणून मी घेऊन झोपत होते. दोन वर्षं रोज. धुतलं पण किती वेळा. आता जुनं झालं ना, अत्तम्मा?"

मी हातात घेतलं. काठावर दुकानदाराचा शिक्का होता, फिका झालेला. ज्या रात्री आम्ही सगळे कुलूप लावल्यासारखे गप्प झोपत होतो, त्या रात्री ही पोर त्या बाळासाठी आणलेल्या कापडावर डोकं ठेवून पुढच्या बाळासाठी ते जुनं करत होती. आणि मी अभ्र्यांवरून कुरकुर लिहिली आहे, मागे उलटून पाहिलं तर तारीखही आहे. मी रडले. तिच्यासमोर, यांच्यासमोर. ती म्हणाली, "पाणी सांडू नका, मशीनमध्ये धुवायला लागते." मग तीही रडली.

"झालं," मी म्हटलं. "छान जुनं झालं."

तीन वार आहे, मधून दुमडून तळालाही पुरेल आणि अस्तरालाही. तिने एका टोकाकडून धावदोरा घालायला घेतलाय, मी दुसऱ्या टोकाकडून. तिचे टाके लांब पडतात, पण उसवणार नाही. कुसुमताईंना रविवारी ओटीचं सामान घेऊन यायला सांगितलं आहे. सोळा नंबरची सुई काढून टाकली. बाळाच्या गोधडीला बारीक सुई लागते.